कीलिंगचा आलेख आणि वाढीची चार उत्तरं

३१५.९८ आणि ४२४.६१. हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेत मोजलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या या दोन वार्षिक सरासऱ्या. पहिली १९५९ ची, दुसरी २०२४ ची. एकक आहे पीपीएम, म्हणजे कोरड्या हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे या वायूचे रेणू किती. एवढी सामग्री घेऊन कुणी विचारलं की वाढ किती झाली, तर बरोबर उत्तरं निदान चार निघतात: १०८.६३ पीपीएम, ३४.४ टक्के, ३८.८ टक्केबिंदू आणि ३०२ टक्के.

चारही हिशेब बिनचूक आहेत. एकाच बैठकीत चार माणसांनी ही चार उत्तरं दिली तर प्रत्येकाला वाटेल की उरलेले तिघे आकडे फिरवताहेत. प्रत्यक्षात त्यांच्यात आकड्यांचा वाद नाहीच. शेकडा वाढीचं सूत्र शाळेत एका ओळीत संपतं: नव्यातून जुनं वजा करा, जुन्याने भागा, शंभराने गुणा. त्यातली वजाबाकी सहसा कोणी चुकवत नाही. घोळ होतो तो छेदाचा. कशाने भागायचं, हा प्रश्न सूत्राने आधीच सोडवून टाकल्यासारखा वाटतो, पण तो खरं तर आपल्यावर सोडलेला असतो. या नोंदवहीइतकं चांगलं उदाहरण त्यासाठी शोधून सापडणार नाही, कारण इथे मोजमाप पक्कं आहे आणि डोकेदुखी आहे ती फक्त तुलनेची.

नोंद कशी होते

अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांच्या योजनेनुसार मार्च १९५८ मध्ये मौना लोआवर सलग मोजणी सुरू झाली. जागा मुद्दाम निवडलेली: समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, चहूकडे महासागर, जवळ कारखाने नाहीत की दाट जंगल नाही. यंत्राचं तत्त्व सोपं आहे. हवेच्या नमुन्यातून अवरक्त किरण सोडायचे आणि कार्बन डायऑक्साइडने त्यातले किती गिळले ते पाहायचं. मग तोच प्रयोग प्रमाण माहीत असलेल्या वायूच्या टाक्यांवर करून यंत्र ताळ्यावर आणायचं. याच्या जोडीला काचेच्या निर्वात चंबूंतही हवा गोळा करतात. चंबू भरणारा माणूस वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो, श्वास रोखतो आणि मगच तोटी उघडतो, कारण माणसाच्या उच्छ्वासात या वायूचं प्रमाण बाहेरच्या हवेच्या शंभरपट भरतं. एक चुकार श्वास पुरतो सगळा नमुना वाया घालवायला.

नोंद अगदी अखंड आहे असं नाही. १९६४ च्या सुरुवातीला पैशांच्या तुटवड्यामुळे काही काळ मोजणी बंद पडली होती. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस मौना लोआचा उद्रेक झाला, लाव्हारसाने रस्ता आणि वीज तोडली, तेव्हा पुढचे काही महिने शेजारच्या मौना केआ पर्वतावरून आकडे घेतले गेले. हे फाटे सोडले तर साडेसहा दशकांची एकाच जागेची, एकाच पद्धतीची मालिका आपल्यासमोर आहे. खाली वापरलेल्या वार्षिक सरासऱ्या अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेच्या मालिकेतल्या आहेत.

आधी सावध राहायची गोष्ट: मे आणि सप्टेंबर

वार्षिक सरासरीच का घ्यायची, हे आधी पाहू. उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात वाढतात, वायू ओढून घेतात. थंडीत पानगळ कुजते आणि तो परत हवेत येतो. त्यामुळे मौना लोआचा आलेख दरवर्षी मे महिन्यात शिखर गाठतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळ. दोन्हींत सहा-सात पीपीएमचं अंतर असतं, आणि वर्षभराची खरी वाढ असते दोन-अडीच पीपीएम. म्हणजे लाट चढणीपेक्षा मोठी.

मे २०२३ ची सरासरी होती ४२४.०, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती ४१८.५ च्या आसपास उतरली. चार महिन्यांत १.३ टक्के घट. हाच दर वर्षाला लावला तर जवळजवळ ३.८ टक्के वार्षिक घट! आता त्याच सप्टेंबरपासून मे २०२४ च्या ४२६.९ पर्यंत चला: आठ महिन्यांत २ टक्के वाढ, वर्षाला लावली तर ३ टक्के. एकाच वर्षातून उणे ३.८ आणि अधिक ३ असे दोन वार्षिक दर निघाले. दोन्ही निरर्थक आहेत. मेची तुलना मेशी केली की उत्तर येतं २.९ पीपीएम, म्हणजे ०.६८ टक्के, आणि हे मात्र कामाचं आहे.

तिमाहीचा दर चारने गुणून 'वार्षिक वाढ' म्हणून छापण्याची सवय जिथे जिथे दिसते, तिथे हंगाम वजा केला आहे का एवढं विचारावं. बहुतेक वेळा उत्तर मिळायला वेळ लागतो.

चार उत्तरं, चार छेद

पहिल्या उत्तराला छेदच नाही. ४२४.६१ वजा ३१५.९८ बरोबर १०८.६३ पीपीएम. हवेत प्रत्यक्ष किती माल जमा झाला, ते हा आकडा सांगतो. १ पीपीएम म्हणजे सुमारे ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड, त्यामुळे टनांचा जमाखर्च मांडायचा असेल तर याच्याखेरीज दुसरं काही लागत नाही.

दुसऱ्या उत्तरात आपण १९५९ च्या पूर्ण पातळीने भागतो: १०८.६३ भागिले ३१५.९८, म्हणजे ३४.४ टक्के. हे शाळेतलं उत्तर. उलट्या बाजूने बघितलं तर १९५९ ची पातळी २०२४ पेक्षा ३४.४ टक्क्यांनी कमी नव्हती, २५.६ टक्क्यांनी कमी होती, कारण आता छेदात ४२४.६१ आला. चढताना आणि उतरताना टक्के वेगळे येतात हे ठाऊक असूनही लोक इथे घसरतात.

तिसऱ्या आणि चौथ्या उत्तरासाठी आणखी एक संख्या लागते: २८०. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून औद्योगिक क्रांतीपूर्वी हे प्रमाण २८० पीपीएमच्या आसपास होतं असं कळतं. १९५९ मध्ये आपण त्या पातळीच्या १२.८५ टक्के वर होतो, २०२४ मध्ये ५१.६५ टक्के वर. या दोन टक्केवाऱ्यांची वजाबाकी केली की ३८.८ येतात. पण ते टक्के नव्हेत, टक्केबिंदू. दोन टक्केवाऱ्यांमधलं अंतर आणि एका टक्केवारीची दुसरीच्या तुलनेत झालेली वाढ या निराळ्या गोष्टी आहेत. बातम्यांमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते.

चौथं उत्तर हीच वाढ भागाकाराने बघतं. २८० च्या वरचा भाग १९५९ मध्ये ३५.९८ होता, २०२४ मध्ये १४४.६१ झाला. साधारण चौपट. आणि चौपट म्हणजे ३०० टक्के वाढ, ४०० नव्हे, कारण शंभर टक्के आधीचेच होते. नेमका हिशेब ३०२ टक्के.

आता ३४ आणि ३०२ यांतलं खरं कोणतं? हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते हे, की आपल्याला जाणून काय घ्यायचं आहे. वातावरणाची उष्णता अडवण्याची ताकद या वायूच्या प्रमाणाच्या लॉगरिदमनुसार वाढते. २८० चे ५६० होताना जेवढा परिणाम, साधारण तेवढाच ५६० चे ११२० होताना. याचा अर्थ तापमानाच्या दृष्टीने सारखी शेकडा वाढ म्हणजे सारखा धक्का, आणि तिथे पूर्ण पातळीचा छेदच योग्य आहे. पण माणसाने हवेत टाकलेला वाटा किती वेगाने फुगतोय हे बघायचं असेल, तर निसर्गाने हजारो वर्षं सांभाळलेले २८० छेदात ठेवणं म्हणजे आपल्या कर्तृत्वावर फुकटचं झाकण घालणं. तिथे ३०२ टक्केच बोलके.

मात्र या बोलक्या आकड्याची एक नाजूक बाजू आहे. २८० ऐवजी काहीजण १७५० सालासाठी २७८ धरतात. फरक फक्त २ पीपीएमचा. पण वरचा भाग मग ३७.९८ वरून १४६.६१ वर जातो आणि वाढ ३०२ ऐवजी २८६ टक्के भरते. २७५ धरलं तर २६५ टक्के. पूर्ण पातळीवर काढलेल्या ३४.४ टक्क्यांना मात्र याचं काही सोयरसुतक नाही. छेद लहान असला की त्यातली छोटी चूकही उत्तरात मोठी होऊन उतरते, म्हणून वरच्या भागाची टक्केवारी देताना २८० हा आकडा त्याच वाक्यात लिहावा, तळटीपेत ढकलू नये.

शून्य कुठे धरलं आहे याची हीच अडचण तापमानात अगदी नागडी दिसते. १० अंश सेल्सियसवरून २० अंशांवर गेलं की '१०० टक्के वाढ' म्हणता येतं का? फॅरेनहाइटमध्ये तेच ५० वरून ६८ वर गेलं, म्हणजे ३६ टक्के. केल्व्हिनमध्ये २८३ वरून २९३ वर, म्हणजे साडेतीन टक्के. हवा मात्र तीच. तापमानाची टक्केवारी दिसली की पुढे वाचायची गरज नसते.

दशकामागून दशक: वेग वाढतोय की मंदावतोय?

खरा वाद दोन टोकांच्या आकड्यांवर होतच नाही, तो होतो वेगावर. प्रत्येक दशकाची वाढ तीन मापांनी मांडू. पहिला स्तंभ नुसत्या पीपीएमचा, दुसऱ्यात छेद दशकाच्या सुरुवातीच्या पूर्ण पातळीचा, तिसऱ्यात फक्त २८० च्या वरच्या भागाचा.

| दशक | पीपीएम | पूर्ण पातळीवर टक्के | वरच्या भागावर टक्के |
|---|---|---|---|
| १९६०–७० | ८.७७ | २.७७ | २३.८ |
| १९७०–८० | १३.०८ | ४.०२ | २८.६ |
| १९८०–९० | १५.६९ | ४.६३ | २६.७ |
| १९९०–२००० | १५.२६ | ४.३१ | २०.५ |
| २०००–१० | २०.३९ | ५.५२ | २२.७ |
| २०१०–२० | २४.११ | ६.१८ | २१.९ |

पहिले दोन स्तंभ एकाच सुरात बोलतात: शेवटचं दशक सर्वांत वेगवान. तिसरा स्तंभ मात्र सरळ उलट जातो. त्याच्या मते सर्वांत वेगवान दशक १९७०–८० होतं आणि शेवटचं दशक खालून दुसरं आहे. 'कार्बन डायऑक्साइडच्या वाढीचा वेग सत्तरच्या दशकापासून घटला आहे' हे वाक्य या स्तंभाच्या जोरावर कुणीही शपथेवर लिहू शकतो. खोटं नाही. पण वाचणाऱ्याला वाटेल की हवेत दरवर्षी पडणारी भर कमी होतेय, आणि ती तर १.३१ पीपीएमवरून २.४१ वर गेली आहे. वेगाने वाढणाऱ्या छेदासमोर अंश थोडा हळू वाढला, एवढंच काय ते घडलंय.

दुपटीच्या हिशेबाने हे आणखी स्वच्छ दिसतं. वरचा भाग १९५९ च्या दुप्पट व्हायला पातळी ३५१.९६ हवी; ती १९८८ आणि १९८९ या वर्षांच्या मध्ये ओलांडली गेली, म्हणजे साधारण २९ वर्षं. पुढची दुप्पट ४२३.९२ ला, ती २०२४ च्या उंबरठ्यावर झाली: सुमारे ३५ वर्षं. दुपटीला लागणारा काळ लांबला हे खरं. पण पहिल्या दुपटीत ३६ पीपीएम पडले आणि दुसऱ्या दुपटीत ७२.

नव्वदच्या दशकाकडे जरा थांबून बघू. तिन्ही स्तंभांत ते आधीच्या दशकापेक्षा कमी आहे, म्हणून इथे मापाचा वाद नाही; खरंच काहीतरी झालं होतं. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, त्याच्या धुरकट थराने पुढची एकदोन वर्षं पृथ्वी किंचित थंड झाली आणि जमिनीने नेहमीपेक्षा जास्त कार्बन धरून ठेवला. त्याच सुमारास सोव्हिएत संघ कोसळला आणि तिथल्या कारखान्यांचा धूर कमी झाला. तिन्ही मापं एका दिशेला बोट दाखवतात तेव्हा कारण शोधायला निघावं. एकटंच माप वेगळं बोलत असेल तर आधी त्याचा छेद तपासावा.

वेगाचीही टक्केवारी

साठच्या दशकात वर्षाला सरासरी ०.८७७ पीपीएम, २०१०–२० मध्ये २.४११. वेग पावणेतीनपट झाला, म्हणजे १७५ टक्क्यांनी वाढला. पूर्ण पातळीच्या टक्क्यांत मोजलं तर २.७७ वरून ६.१८, म्हणजे सव्वादोनपटीला थोडं कमी. हे अंतर कुठून आलं? छेद ३१६.९१ वरून ३९०.१० झाला होता, १.२३ पट. २.७५ ला १.२३ ने भागा, २.२३ मिळतात. दोन दरांची तुलना करताना अशी फोड एकदा करून पाहावी: अंशाने किती हात दिला आणि छेदाने किती खाल्लं हे दोन ओळींत कळतं.

इथे वाक्यरचनेचाही सापळा आहे. 'वाढ १७५ टक्क्यांनी वाढली' ऐकलं की कानाला वाटतं वायूच १७५ टक्क्यांनी वाढला. वायूची एकूण पातळी त्या दशकात सहा टक्क्यांनीच चढली. गाडीच्या हिशेबात आपण कापलेलं अंतर, वेग आणि प्रवेग यांची गल्लत करत नाही. टक्क्यांत मात्र तिन्हींच्या मागे तेच चिन्ह लागतं आणि ऐकणाऱ्याला कोणत्या मजल्यावर उभं आहोत ते कळत नाही.

एकेका वर्षाची तुलना तर आणखी फसवी. १९९२ वरून १९९३ ला सरासरी फक्त ०.६७ ने चढली, पिनाटुबोच्या कृपेने. १९९७ वरून १९९८ ला २.९६ ने, कारण तेव्हा जबर एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापण्याची घटना) होता आणि उष्णतेने व वणव्यांनी जंगलांचा कार्बन हवेत आणला. या दोन वाढींची तुलना करून 'पाच वर्षांत वेगात ३४२ टक्के वाढ' असा मथळा काढता येतो. तळातलं वर्ष छेदाला, शिखरातलं अंशाला. जाणूनबुजून केलं तर लबाडी. नकळत झालं तरी परिणाम तोच. २०२२–२३ ची वाढ २.५५ आणि २०२३–२४ ची ३.५३, म्हणजे वेग ३८ टक्क्यांनी वाढला असं म्हणतानाही हीच खबरदारी हवी, कारण २०२३–२४ मध्येही एल निनोचा हात होता.

टक्के मिळवता येत नाहीत

तक्त्यातला दुसरा स्तंभ बेरजेला घेतला तर सहा दशकांचे २७.४ टक्के होतात. प्रत्यक्षात १९६० च्या ३१६.९१ वरून २०२० च्या ४१४.२१ पर्यंत वाढ झाली ३०.७ टक्के. तिसऱ्या स्तंभात तफावत डोळ्यांत भरते: बेरीज १४४, खरी वाढ २६४ टक्के. प्रत्येक दशकाचे टक्के आधीच्या वाढीवर चढलेले असतात, म्हणून १.०२७७ गुणिले १.०४०२ गुणिले १.०४६३ असं गुणत जावं लागतं. चक्रवाढ व्याजात हे सगळ्यांना पटतं, बाकी ठिकाणी विसरायला होतं.

उलट्या दिशेने जाताना चूक आणखी महागात पडते. ६५ वर्षांत ३४.४ टक्के, म्हणून वर्षाला ३४.४ भागिले ६५ बरोबर ०.५३ टक्के, असं धरून ३१५.९८ पासून दरवर्षी ०.५३ टक्के चढवत गेलं तर २०२४ मध्ये ४४५ च्या पुढे पोचतो, वीस पीपीएम जास्त. योग्य वार्षिक दर ०.४६ टक्के. वरच्या भागाचं बघा: ३०२ भागिले ६५ म्हणजे ४.६ टक्के, आणि या दराने ६५ वर्षं चढवलं तर चौपट नाही, एकोणीसपट होतं. बरोबर दर २.१६ टक्के. काळ लांब आणि वाढ मोठी असली की सरळ सरासरी अशी तोंडघशी पाडते. लहान काळ, लहान वाढ असेल तर दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखी येतात, आणि तिथेच ही वाईट सवय लागते.

२०२० चं कोडं

२०२० मध्ये महासाथीमुळे जग थांबलं होतं. कोळसा, तेल आणि वायू जाळण्यातून होणारं उत्सर्जन जगभरात सुमारे ५ टक्क्यांनी घटलं. एका वर्षात एवढी घट त्याआधी क्वचितच झाली असेल. आणि मौना लोआची सरासरी? २०१९ ला ४११.६५, २०२० ला ४१४.२१, २०२१ ला ४१६.४१. चढतच राहिली. यावरून दोन टोकांची अनुमानं काढली गेली: उत्सर्जनाचे आकडे खोटे असावेत, किंवा माणसाचा हवेशी संबंधच नसावा.

दोन्ही अनुमानं छेद न बघता काढलेली आहेत. ५ टक्के घट कशाची? वर्षभरात नव्याने टाकल्या जाणाऱ्या सुमारे ३७ अब्ज टनांची. म्हणजे १.९ अब्ज टन कमी. त्याला ७.८ ने भागा: ०.२४ पीपीएम. टाकलेल्या वायूपैकी साधारण निम्माच हवेत राहतो, बाकी समुद्र आणि झाडं घेतात. म्हणजे हवेत दिसणारा फरक ०.१२ पीपीएम. आणि एल निनोसारख्या कारणांनी वार्षिक वाढ एरवीच एका पीपीएमने इकडेतिकडे हलते. ४१४ च्या पातळीवर ०.१२ म्हणजे ०.०३ टक्के. पाच टक्क्यांचा तो धडाका आलेखावर उमटावा तरी कसा? उत्सर्जन घटलं म्हणजे भर घालण्याचा वेग घटला. पातळी खाली यायला भर शोषणापेक्षा कमी व्हावी लागते, आणि ती तर शोषणाच्या जवळजवळ दुप्पट आहे.

एकाची पाच टक्के घट आणि दुसऱ्याची अर्धा टक्का वाढ, या दोन टक्केवाऱ्या शेजारी ठेवून कोणती मोठी असं विचारणं म्हणूनच बिनबुडाचं. पोटातला छेद वेगळा, तर तुलना होतच नाही.

चालू दशकाचा हिशेब आधीच मांडून ठेवू

२०२० ते २०२४ या चार वर्षांत १०.४० पीपीएम वाढ झाली. हा आकडा आधीच्या दशकाच्या २४.११ शेजारी ठेवून 'वाढ निम्म्याहून कमी' म्हणणारा सापडतोच. एकीकडे चार वर्षं आहेत आणि दुसरीकडे दहा. वर्षामागे मोजलं तर २.६० विरुद्ध २.४१, म्हणजे वेग ८ टक्क्यांनी जास्त. वरच्या भागाच्या चक्रवाढ दराने पाहिलं तर २.०० वरून १.८८ टक्क्यांवर, म्हणजे कमी. पुन्हा तेच दोन सूर.

२०३० ची सरासरी हातात आली की हा वाद नव्याने पेटणार. तोवर उंबरठे लिहून ठेवता येतात, कारण सगळी सामग्री आजच उपलब्ध आहे. ४१४.२१ मध्ये २४.११ मिळवले की ४३८.३. २०३० चा आकडा याच्या वर गेला तर पीपीएमच्या मापाने २०२०–३० हे दशक आधीच्यापेक्षा वेगवान ठरेल. पूर्ण पातळीवरचे ६.१८ टक्के गाठायला ४३९.८ लागतील. आणि वरच्या भागाचे २१.९ टक्के गाठायला ४४३.६. २०२०–२४ चा वर्षाला २.६० हा वेग तसाच राहिला तर आकडा ४४०.२ च्या आसपास पडेल. म्हणजे पहिली दोन मापं 'वेग वाढला' म्हणतील, तिसरं 'घटला' म्हणेल. तो ४३९ वर आला तर पहिलं माप एका बाजूला आणि उरलेली दोन दुसऱ्या बाजूला. ४३८.३ च्या खाली आला तरच तिन्ही मापं एकमुखाने मंदावल्याचं सांगतील, आणि त्यासाठी २०२४ नंतरच्या सहा वर्षांत वार्षिक वाढ सरासरी २.२८ पीपीएमच्या खाली राहायला हवी.